एक सूत

१

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लोखंडाच्या कामात हे माप अजून चालतं, आणि फिटरचा तर सगळा संसारच या मापावर चालला होता. बायकोनं भिंतीवर कॅलेंडर टांगलं की हा लांबून एक डोळा मिटून बघणार आणि म्हणणार, "डावीकडं एक सूत खाली आहे." बस डेपोत अडतीस वर्षं काढून माणूस निवृत्त झाला, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती.

याच एका सुतापायी त्याचं आणि त्याच्या साडूचं एकोणीस वर्षं वाकडं होतं. साडू धंद्यानं टेलर. फिटरची बायको थोरली बहीण, टेलरची धाकटी. धाकटीच्या मुलीच्या लग्नात टेलरनं मोठ्या हौसेनं फिटरला कोट शिवून दिला. फिटरनं तो अंगात घातला, दोन्ही हात पुढं केले आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत निकाल दिला, "उजवी बाही एक सूत आखूड आहे."

"हात लांब असेल," टेलर म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद. बहिणी बिचाऱ्या बाजारात चोरून भेटायच्या आणि भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून दोघांच्या नावानं बोटं मोडायच्या.

मग गाडी आली. जुन्या युद्धातली लष्करी गाडी, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत कित्येक वर्षं पडून होती. चारी चाकं मातीत रुतलेली, बॉनेटमधून झाड वर आलेलं. फिटरनं ती पाहिली आणि त्याला दुसरं काही सुचेना. घरी आणून तिला पुन्हा चालती करायची, एवढंच त्याचं म्हणणं. लोखंडाचं सगळं तो बघणार होता. पण वरची ताडपत्री, आतल्या बाकांच्या गाद्या, ते कोण करणार? बायकोनं संधी साधली. ती सरळ धाकटीच्या घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी टेलर गळ्यात टेप घालून दारात हजर झाला.

फिटरकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि गाडीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मापं मात्र मी घेणार."

"घ्या," फिटर म्हणाला.

एकोणीस वर्षांतला हा पहिला शब्द. त्यानंतर दोघांचं असं काही सूत जमलं की घरच्यांना वाटावं, हे भांडले होते की नुसते डबा खायला उठले होते. टेलरला एक खोड होती. कुणीही भेटलं की समोरच्याच्या बाहीची कड तो दोन बोटांत धरून चाचपायचा. रोज सकाळी आल्यावर तो फिटरच्या बाहीची कड अशीच धरायचा, आणि मग दोघं कामाला लागायचे. फिटर मनात म्हणायचा, गाडी एक वेळ चालू झाली नाही तरी चालेल, पण हे मोडायला नको.

२

गाडीची शेड गल्लीच्या टोकाला होती, पूर्वीच्या लाकडाच्या वखारीची. आत उजेड कमी, म्हणून काम पुढच्या अंगणात चाले आणि गाडी बाहेर काढली असेल त्या दिवशी ती पाचच्या सुमारास आत घालायची. दोन्ही बाजूंना हातभर जागा आणि मागं भिंतीच्या अलीकडं एक लोखंडी खांब; निघताना तोंड पुढं असावं म्हणून ती मागं घेऊनच घालावी लागे.

इंजिन चालू झालं त्या दिवशी दोघं लहान मुलांसारखे हसले होते. त्याआधी फिटरनं मागचे कमानपाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, काढून, घासून, तापवून पुन्हा पाणी देऊन बसवले होते. असे पाटे सुरुवातीला थोडे बसतात, म्हणजे दबतात. किती बसतात ते कळावं म्हणून त्यानं मागच्या चाकाजवळ चासीला एक लाकडी पट्टी बांधली, तिच्यावर सुतासुताच्या रेघा ओढल्या आणि अॅक्सलला एक काटा लावला. गाडी रिकामी असली की काटा शून्यावर. वजन चढलं की काटा एकेक रेघ सरकणार.

मग अर्थातच वजनं चढवून बघणं आलं. फिटर स्वतः मागच्या हौद्यात जाऊन बसला, सव्वा सूत. शेजारच्या बेकरीवाल्याला हाक मारली, तो बसला, बरोबर एक सूत. टेलर बसला तेव्हा काटा जागचा हलेचना. फिटरनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"अर्धं सूत!" तो ओरडला. "अहो साडूभाऊ, तुम्हांला तिकीटसुद्धा अर्धंच लागेल."

"माझं सूत कापसाचं, तुमचं लोखंडाचं," टेलर वरून म्हणाला. "दोन्ही सारखी कशी भरतील?"

गाडी मागं घेण्याचीही एक रीत ठरून गेली होती. डेपोत नियम असा की मागं घेताना ड्रायव्हरनं आरशावर नाही, मागं उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजावर चालायचं. तो मागचा माणूस म्हणजे टेलर. उभ्या जन्मात त्याच्या शब्दावर सुईखेरीज काही हललं नव्हतं, आणि आता एवढी मोठी गाडी हलायची. तो खांबाजवळ छाती काढून उभा राही, हातानं हवा ओढत राही आणि खणखणीत आवाजात म्हणे, "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस!" आणि फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या पाडायच्या दारावर, एक थाप मारी.

३

पहिल्या आठवड्यात काटा एक सूत खाली आला. पाटे बसतायत, फिटर म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात दोन सूत झालं. तिसऱ्यात चार.

यात काही वावगं नव्हतं. वावगं एवढंच होतं की पाटे असे बसत नाहीत. नवे पाटे आधी भराभर दबतात, मग हळूहळू, मग थांबतात. हा काटा एका वेळी एकच सूत सरकत होता. पाऊण नाही, सव्वा नाही. आणि रोज सरकत नव्हता. फिटरनं शेडच्या भिंतीवर खडूनं तारखा मांडल्या होत्या. ज्या दिवशी गाडी बाहेर काढून पुन्हा आत घातली, त्याच दिवशी काटा हलला होता. ज्या दिवशी गाडी जागची हलली नाही, त्या दिवशी काटाही हलला नव्हता.

त्यानं जे करायचं ते सगळं केलं. चाकांतली हवा मोजली. जमीन खचली असेल म्हणून पाण्याची पातळी लावून पाहिली. एका बाजूचा पाटा सोडवून बेकरीवाल्याच्या भट्टीपाशी उजेडात नेला आणि पानन् पान तपासलं. कुठं तडा नाही. पाटा परत बसवला, काटा पुन्हा चारावर.

मग त्यानं हौद्यात चढून पाहिलं. टेलरची हत्यारं, कापडाचा एखादा गठ्ठा राहिला असेल. हौदा रिकामा होता. दोन्ही बाजूंना सहा-सहा जागांचे बाक, बाकावर जुने ठोकलेले आकडे, एक ते बारा. टेलरनं सात गाद्या करून आकड्यांवर बसवल्या होत्या. जाड खाकी कापड, कडेला दुहेरी टीप. फिटर खाली उतरला आणि काट्याकडं पाहत उभा राहिला. त्याच्या वजनाचं सव्वा सूत उतरलं होतं. बाकीचं चार तसंच होतं.

"काय झालं?" बायकोनं रात्री ताट वाढताना विचारलं. "जेवणात लक्ष नाही."

"पाटे बसतायत," फिटर म्हणाला.

"बसू देत की. तुम्हीपण बसा जरा शांत."

४

"साडूभाऊ, खरं सांगा," टेलर एका सकाळी हसत म्हणाला, "दुपारी इथं येऊन झोपता ना? ताईंना नाही सांगणार."

"मी कशाला झोपेन?"

"मग माझ्या गाद्या कोण दाबतं?"

त्यानं फिटरला वर बोलावलं. सात गाद्यांपैकी सहा दबलेल्या होत्या. माणूस बराच वेळ बसून उठला की गादीत जसा खड्डा राहतो, तसा. त्या दिवशी काटा सहावर होता, हे फिटरला माहीत होतं. त्यानं बाकाची कड धरली. टेलर मात्र रंगात आला होता. खड्ड्यांवरून हात फिरवत तो पुढं पुढं सरकू लागला.

"हा बघा, हा पाय जुळवून बसतो. नवीन असावा. हा आखूड बांध्याचा, याची पँट छत्तिसाच्या वर नको. हा सारखा चुळबूळ करतो, कापड बघा कसं घासलंय." तो थांबला आणि त्यानं जीभ चावली. "म्हणजे, असं कुणी बसलं असतं तर हो. सवय आपली. खड्डा दिसला की माणूस दिसतो."

"उंदीर असतील," फिटर म्हणाला.

"छत्तीस कंबरेचे?"

दोघंही हसले. फिटर तोंडदेखलं, टेलर पोटभर. खरं तर टेलरला या सगळ्याची भीती वाटतच नव्हती. आयुष्यभर त्यानं अंगावर नसलेल्या माणसांसाठी कपडे शिवले होते. कागदावरचं माप बघायचं आणि माणूस मनात उभा करायचा. त्याला गाद्या वापरल्या जात असल्याचा आनंदच असावा.

"बसू द्यात," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. "गाडी माणसांसाठीच असते ना?"

५

एका बुधवारी टेलर मोतीबिंदू दाखवायला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला. फिटरनं एकट्यानंच गाडी आत घातली. पाच वेळा खाली उतरला, मागं जाऊन खांब पाहिला, पुन्हा चढला. अर्धा तास गेला. मग त्यानं काटा पाहिला. काटा हलला नव्हता. आदल्या दिवशी सातावर होता, आजही सातावरच.

शुक्रवारी टेलर आला. संध्याकाळी पाचला तो खांबाजवळ उभा राहिला. "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस!" फाळक्यावर थाप पडली. नेहमी फिटर लगेच उडी मारून खाली उतरायचा. आज त्यानं इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. बाहेर टेलर हात झटकत अंगणात गेल्याचं त्याला दिसलं.

मागं फाळक्याची साखळी किणकिणली. मग पाटा वाजला, कुर्र, वजन चढल्यावर वाजतो तसा. नंतर बाकाचं लाकूड.

केबिनच्या मागच्या भिंतीला हाताएवढी काचेची खिडकी होती. फिटरनं तिकडं मान वळवली नाही. त्यानं समोरच्या अंगणात टेलरकडं पाहिलं, टेलर नळावर हात धूत होता. इंजिन गार होताना लोखंड वाजतंच, असं तो स्वतःला सांगत होता. आणि अडतीस वर्षांत इंजिन गार होताना फाळक्याची साखळी कधी वाजली होती, असं त्याचंच दुसरं मन विचारत होतं. खाली उतरून त्यानं काटा पाहिला. आठ.

तो रात्रभर त्या तीन शब्दांवर विचार करत पडला. येऊ द्या. कुणाला? गाडीला, आणखी कुणाला. गाडी मागं घेणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. बस म्हणजे पुरे. पण हे ऐकणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? आपण म्हटलं येऊ द्या, तो आला. आपण म्हटलं बस, तो बसला.

सकाळी त्यानं टेलरला शिट्टी दिली. डेपोतली, पितळेची.

"आजपासून बोलू नका. नुसती वाजवा. एक वाजली की मी थांबेन."

टेलरनं शिट्टी उलटसुलट करून पाहिली. त्याचा चेहरा उतरला. गळ्यातला टेप काढून तो बोटांवर गुंडाळू लागला.

"माझं बोलण्यात काही चुकलं का?" त्यानं विचारलं. "एखादं सूत?"

 हाच चेहरा फिटरनं त्या लग्नात पाहिला होता, आणि मग एकोणीस वर्षं पाहिला नव्हता. काय सांगायचं याला? तुमच्या बोलण्यानं कुणीतरी येतं म्हणून?

"छे हो," तो म्हणाला आणि शिट्टी परत घेतली. "तुमचा घसा दुखत असेल म्हणून म्हटलं. तुमचंच चालू द्या."

टेलर एवढा खूश झाला की त्यानं फिटरच्या बाहीची कड धरली आणि सोडलीच नाही. "एक सांगू का साडूभाऊ? ती बाही आखूडच होती. एक सूत. शिवतानाच मला कळलं होतं. वेळ नव्हता, म्हटलं कोण बघतंय एवढं. तुम्ही बघितलंत." त्यानं बाही हलकेच सरळ केली. "आहे का तो कोट अजून?"

"आहे."

"आणा एकदा. उसवून देतो. आत कापड ठेवलंय मी सूतभर."

 एवढं ऐकायला एकोणीस वर्षं लागली होती. त्या एका क्षणात काट्याची फिटरला काही किंमत वाटली नाही, आणि इथंच तो चुकला.

६

त्यानंतर गाडी आणखी तीनदा आत घातली. काटा अकरावर आला.

टेलरनं सगळ्या गाद्या लावल्या होत्या; फाळक्याजवळच्या शेवटच्या, बाराव्या आकड्याच्या गादीची तेवढी कडेची टीप राहिली होती. अकराव्या गादीतला खड्डा बघून तो म्हणाला होता, "हा सगळ्यांत आडदांड. छाती बेचाळीस. डावा खांदा उतरलेला, सगळा भार डाव्या मांडीवर. आणि बघा, अगदी टोकावर बसलाय. याला उतरायची घाई दिसते."

रविवारी दोघी बहिणींना गाडीत बसवून फेरी मारायचं ठरलं होतं. बायकोनं साडीसुद्धा काढून ठेवली होती. फिटरला राहून राहून एकच प्रश्न पडे, या दोघी बसणार कुठं? बाराव्या जागेवर एक बसेल. आणि दुसरी? कुणाच्या मांडीवर?

शनिवारी दुपारी गाडी अंगणात उभी होती. टेलर जेवून यायचा होता. फिटरनं डोकं शांत ठेवून विचार केला होता. बोलावल्यानं आले असतील, तर सांगितल्यानं उतरतील. यात भ्यायचं काही नाही. डेपोत शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या प्रवाशांना कंडक्टर उठवतात, तसंच हे. बिनबोलावलेले नव्हतेच ते बिचारे.

त्यानं शेडमध्ये जाऊन तोंड धुतलं, पाणी प्यायला, चष्मा पुसला आणि परत येऊन गाडीच्या मागं उभा राहिला. ताडपत्रीचे पडदे सोडलेले होते. त्यानं काटा पाहिला. साडेअकरा. अकरावर असायला हवा होता. अर्ध्या सुताची चूक त्याच्याकडून होत नसे, पण उन्हानं डोळे दिपले असतील असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं अर्धं सूत सोडून दिलं.

घसा खाकरून तो डेपोतल्या आवाजात म्हणाला, "शेवटचा थांबा! गाडी पुढं जाणार नाही. उतरा… सगळ्यांनी उतरा."

काही झालं नाही. मग पडदा हलला. साखळी किणकिणली, पाटा कुर्र वाजला आणि काटा एक रेघ वर चढला.

फिटर मोजू लागला. दोन. तीन. अंगणात स्वच्छ ऊन होतं आणि त्या उन्हात त्याला काही म्हणजे काहीही दिसत नव्हतं. फक्त प्रत्येक वेळी तो नकळत एक पाऊल बाजूला सरत होता, बसच्या दारात उभा असलेला माणूस उतरणाऱ्याला वाट देतो तसा. सात. आठ. कुणी घाई करत नव्हतं. अकरा. फिटरनं सुटकेचा श्वास सोडला.

पडदा आणखी एकदा हलला. अगदी हलकेच. साखळी वाजली न वाजली. आणि फिटरच्या उजव्या बाहीची कड कुणीतरी दोन बोटांत धरली, चाचपली आणि सोडली.

काटा शून्यावर होता.

तो त्या काट्याकडं बघत राहिला. साडेअकरातून अकरा गेले. मग ते अर्धं सूत कुणाचं होतं?

त्यानं पडदा बाजूला केला. टेलर बाराव्या जागेवर बसला होता. फिटर तोंड धूत असताना तो आला असणार आणि आपलं मुकाट्यानं कामाला लागला असणार. मांडीवर गादीची कड, उजवा हात दोरा ओढून वर धरलेला, तोंडात दुसरी सुई. डोळे उघडे होते. फिटरनं फाळक्यावरून हात लांबवून त्याच्या नाकापुढं धरला. श्वास नव्हता. आणि काटा शून्यावरच होता, जणू त्या जागेवर कुणी बसलेलंच नाही.

उतरा, तो म्हणाला होता. अकरा जणांना उतरा. पण साडूलाही तो उतराच म्हणे. जन्मभर त्यानं साडूला अहो-जाहो केलं होतं. एकदा तरी अरे-तुरे केलं असतं, तर आज त्याला कळलं असतं की हे आपल्याला नाही.

७

"अहो साडूभाऊ!" फिटरनं हाका मारल्या. "साडूभाऊ! तुम्ही नाही हो! तुम्हांला नव्हतं म्हटलं!"

अंगणात कुणी नव्हतं. फाटक उघडं होतं, ते आधीही उघडं होतं की नाही हे त्याला आठवेना. धाकटी मेहुणी त्याच्या डोळ्यांपुढं आली. तिला काय सांगायचं? परवा परवा तर घर पुन्हा जोडलं होतं. त्याला रडू फुटलं, म्हातारा माणूस उन्हात उभा राहून हमसाहमशी रडला.

मग तो चार पावलं मागं धावला आणि नेमका टेलर उभा राहायचा तसा, गाडीकडं तोंड करून उभा राहिला. ये म्हणावं असं त्याला वाटलं. ये रे, परत ये. पण जी जीभ चाळीस वर्षांत वळली नाही ती आता कशी वळणार? तोंडातून सवयीचंच आलं.

"येऊ द्या," तो रडत म्हणाला, "येऊ द्या… येऊ द्या…"

फाटकाकडून वारा यावा तसं काहीतरी आलं. त्याच्याजवळून पुढं गेलं. साखळी जोरात वाजली.

"बस!" फिटर म्हणाला.

टेलरचा वर धरलेला हात खाली आला. दोरा कापडातून सरकला. त्यानं तोंडातली सुई काढली, गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

"झालं बघा," तो म्हणाला. आवाज टेलरचाच होता.

फिटरला काय करू अन् काय नको असं झालं. तो हसला, रडला, त्यानं देवाचं नाव घेतलं, फाळक्यावर थापा मारल्या. टेलर शांतपणे बघत होता. डोळे पुसायला फिटरनं मान खाली घातली तेव्हा त्याची नजर काट्यावर गेली. त्याला बघायचं नव्हतं. पण नजर ती, अडतीस वर्षांची.

काटा एकावर होता. अर्ध्यावर नाही. पुरतं एक सूत.

८

रविवारी सगळे जमले. दोघी बहिणी नटून आल्या होत्या. धाकटी म्हणाली, "भाऊजी, गाडीच्या नादानं यांची भूक उघडली बघा. काल रात्री चार पोळ्या जास्तीच्या खाल्ल्या. आणि चष्म्याशिवाय पेपर वाचला."

"चांगलं आहे," फिटर म्हणाला.

त्याला अजून आशा होती. हाताची चूक असेल, काटा सरकला असेल, पाटा दुपारच्या उन्हानं… त्याच्यापाशी अशी पाच-सात कारणं होती, आणि एक कोट होता. एकोणीस वर्षं ट्रंकेत ठेवलेला. भर उन्हात कोट अंगात चढवून तो शेडकडं गेला. टेलर गाडीला टेकून उभा होता. डावा खांदा जरा उतरलेला, भार डाव्या पायावर.

फिटरनं दोन्ही हात त्याच्यापुढं केले.

"बघा," तो म्हणाला.

टेलरनं त्या हातांकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. बाहीची कड धरायला त्याची बोटं पुढं आली नाहीत.

"काय?"

"कोट. बाही बघा ना. कशी वाटते?"

टेलरनं मान तिरकी करून पाहिलं. त्याला खरोखरच बरं बोलायचं होतं, हे दिसत होतं.

"छान बसलाय," तो म्हणाला. "बाही अगदी बरोबर आहे."

फिटरचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले. मग ते त्यानं खाली घेतले. मागून बहिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. एकोणीस वर्षांत त्या अशा मोकळेपणी हसल्या नव्हत्या. टेलर वळला, साखळी धरून हौद्यात चढला आणि अकराव्या जागेवर जाऊन बसला. अगदी टोकावर. फिटरनं या वेळी काट्याकडं पाहिलं नाही. शेडमध्ये जाऊन भिंतीवरच्या खडूच्या तारखा त्यानं कोटाच्या उजव्या बाहीनं पुसून टाकल्या.

"अहो," बायको पदर सावरत दारात आली, "झालं का? तुमची ती सुताची मापं संपली असतील तर निघू या. सगळं बरोबर आहे ना?"

उभ्या जन्मात ज्यानं एक सूत सोडलं नव्हतं, तो फिटर केबिनमध्ये चढला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मागून फाळक्यावर एक थाप पडली.